रिंगच्या डावीकडचा टिळा

“जवळ जाईल तो कोपर खाईल.”

रघूतात्या शिगवण हे वाक्य उठताबसता म्हणायचा. बॉयलरमध्ये कोळसा ढकलताना म्हणायचा. कंपनीच्या बसमध्ये कुणी अंगाला अंग लावून बसला की म्हणायचा. घरी आवडाबाईने दोन शब्द मायेचे काढले, तर तिलाही हेच ऐकवायचा. ती बिचारी पदर खोचून चुलीकडे वळायची आणि पुटपुटायची, “लांब ऱ्हाऊन तरी काय मिळवलात?”

त्याचं नाक डावीकडे झुकलेलं होतं. ती त्या वाक्याची जन्मखूण. मुंबईला गोदीत हमाली करत असताना तो नागपाड्यात गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, आणि खोलीमागेच बास्केटबॉलचं मैदान होतं. हा मैदान झाडायचा, चुन्याच्या रेषा मारायचा आणि खेळणारे घरी गेले की चेंडू हातात घ्यायचा. शिकवणारा कुणी नव्हता. एकदा गडी कमी पडला म्हणून त्याला उतरवलं. रिंगखाली त्याने उडी घेतली आणि एका रेड्यासारख्या माणसाचं कोपर नाकावर बसलं. त्यानंतर तो रिंगखाली म्हणून गेला नाही. लांब उभा राहायचा आणि लांबून टाकायचा. लांबून टाका की जवळून, गुण दोनच मिळायचे त्या काळात. लोक हसायचे. म्हणायचे, “शिगवण, समुद्रातून मारतोस काय?”

पुढे मुकादमाच्या कानाखाली आवाज काढून तो गोदीतून बाहेर पडला. येताना मैदानावरची एक जुनी, मोडीत काढलेली लोखंडी रिंग मागून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून गावी आणली. आवडाबाईने ती उलटीसुलटी करून बघितली.

“मुंबईसून ह्या आणलात? ह्येच्यावर शिजवायचा काय?”

“तुजा तोंड शिजव,” रघूतात्या म्हणाला. असा तो माणूस.

लोट्याच्या माळावर तेव्हा कारखाने एकामागून एक उभे राहत होते. एका रसायनाच्या कंपनीत त्याला बॉयलरवर काम मिळालं. शहाऐंशीचा पावसाळा सरला आणि त्या कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरना, दातीर साहेबांना, बास्केटबॉलचा संघ काढायचा हुरूप आला. पुढल्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कारखान्यांच्या स्पर्धा होत्या. साहेब नगरकडचे, कबड्डीवाले. त्यांनी विचारलं, “कोणाला येतो का हा खेळ?” कोळशाने काळाठिक्कर झालेला रघूतात्या पुढे झाला.

“मना येतो. पण माज्या मधे कुणी बोलायचा नाय. तुमीसुद्धा.”

साहेबांना राग आला, पण दुसरा माणूस नव्हता.

या संघात सदू पावसे होता. दाभोळच्या खाडीवरचा, मच्छीमाराच्या घरचा. बाप गेल्यावर होडी थोरल्या भावाच्या हातात गेली, आणि भावाने सदूला भाऊ म्हणून नव्हे, खलाशी म्हणूनही नव्हे, तर जाळ्यात अडकलेल्या कचऱ्यासारखं वागवलं. एक दिवस सदू होडीतून उतरला आणि लोट्याला कामावर लागला. उतरताना भाऊ ओरडला होता, “जा. चार महिन्यांनी परत येशील तेव्हा पाय धरायला वाकून ये!” आणि कंपनीतलं काम तसंच होतं. तात्पुरतं. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे. घरी बसा, बोलावलं तर या.

दातीर साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “संघात तीन पोरं तात्पुरती आहेत. सदू, रामा, बाबल्या. कोल्हापूरला पहिली मॅच जिंका, तिघांना कायम करायचं मोठ्या साहेबांकडून कबूल करून घेतलंय. हरलात तर मार्चमध्ये ब्रेक आहेच.”

सदूच्या डोळ्यांसमोर भावाचे पाय आले. त्याने मनात म्हटलं, मेलो तरी त्या पायांशी वाकणार नाही.

रघूतात्याचा हिशेब साधा होता. “आपली पोरां बुटकी. कोल्हापूरची तालमीतली. रिंगखाली गेलात तर तुमची हाडां पोत्यात भरून आणायला लागतील. पण आता नियम बदललाय. सव्वासहा मीटरच्या बाहेरसून टाकलात की तीन गुण. तीन! मी नागपाड्यात टाकत होतो तेव्हा दोनच होते, आणि हसत होते भडवे.” हे बोलताना त्याच्या वाकड्या नाकाची शीर ताठ व्हायची.

सगळ्यांना सगळं शिकवायचं नाही, हे त्याचं दुसरं तत्त्व. एका माणसाला एकच काम, तेच मरेपर्यंत. त्याने रांगेत उभं करून प्रत्येकाची मनगटं बैलाचे खूर बघावेत तशी बघितली. सदू, रामा आणि बाबल्या हे तिघे लांबून टाकणारे ठरवले. उरलेल्यांना म्हणाला, “तुमी ह्यांचे हमाल. चेंडू उचलायचा, ह्यांच्या हातात द्यायचा, गप ऱ्हायचा.” ते सात जण त्या दिवसापासून त्याचे वैरी झाले. त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिघांनी उजव्या हाताने ड्रम उचलायचा नाही, असं त्याने सुपरवायझरला बजावलं. सुपरवायझर भडकला. सगळ्यांना पहिली पाळी मिळाली होती, पण दोन महिन्यांनी त्याने मुद्दाम बाबल्याला दुसरीवर टाकलं.

कंपनीच्या आवारात ड्रम रचलेले, म्हणून मैदान केलं सड्यावर. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा, आणि मग जांभ्याच्या मूळ रंगावर येऊन तापत पडलेला. झाड नाही, आडोसा नाही. कातळाला जागोजाग खळगे. चेंडू आपटत न्यायला जावं तर तो खळग्यात पडून भलतीकडेच उडायचा. “बघा,” रघूतात्या म्हणायचा, “देवानंच सांगितलान, चेंडू आपटत जवळ जाऊ नका. लांबून टाका.” खांब रोवला, फळ्यांचा बोर्ड ठोकला, नागपाड्याची रिंग बसवली आणि कातळावर सव्वासहा मीटरवर चुन्याची मोठी कमान काढली.

पहिली पाळी तीनला सुटायची. बस फाट्यावर सोडायची आणि तिथून पोरं सडा चढायची. तोवर खाडीवरून खारा वारा उठलेला असायचा. दुपार कलली की तो रोजच उठतो. कोकणातल्या माणसाला तो अंगावरच्या कपड्यासारखा, असून नसल्यागत.

पहिला महिना त्याने रिंगकडे बघूच दिलं नाही. तिघांना तापल्या कातळावर उताणं झोपवायचा आणि चेंडू सरळ वर फेकून झेलायला लावायचा. चेंडू वर जायचा आणि उजव्या कानाच्या बाजूला पडायचा.

“हात वाकडा! आयशीनं दूध पाजलान काय ताक?”

“सरळच फेकला, तात्या.”

“मग सडा वाकडा हाय काय रे, मेल्या?”

दुसऱ्या महिन्यात कमानीवर उभं केलं, बोर्डाच्या बरोबर समोर. चेंडू जायचा आणि रिंगच्या उजवीकडून निसटायचा. रामाचा, सदूचा, बाबल्याचा, सगळ्यांचा. रघूतात्या दोन दिवस नुसता बसून बघत राहिला, विडी ओढत. तिसऱ्या दिवशी शिडी लावली, वर चढला आणि बोर्डावर, रिंगच्या डावीकडे वीतभर सोडून, अंगठ्याने गेरूचा ठसठशीत टिळा लावला.

“रिंग विसरा. रिंग नायच. टिळ्यावर मारा.”

सदूने टिळ्यावर मारला. चेंडू डावीकडे निघाला, हवेत जरासा कलला आणि जाळीत पडला. रामाचाही पडला. त्या दिवशी रघूतात्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हसू म्हटलं असतं. पुढे तीन महिने तिसरा शब्द नव्हता. टिळा, मनगट, टिळा. सदूला स्वप्नातही तो तांबडा ठिपका दिसायचा. दहातले सात पडायला लागले. साहेब येऊन बघून गेले आणि खुशीत गेले.

एकटा बाबल्या ऐकेना. दुसऱ्या पाळीमुळे तो सकाळी एकटाच सड्यावर यायचा आणि सरळ रिंगवर मारायचा. सकाळी त्याच्याजवळ चिटपाखरू नसायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळ्यांबरोबर आला की त्याचे चेंडू उजवीकडे जायचे.

“टिळ्यावर मार!”

“तात्या, सकाळी माजे रिंगवर मारलेले पडतात. टिळ्यावर मारले तर डावीकडे जातात.”

“सकाळी कोण बघता? तुजी म्हस?”

“येऊन बघा मग एकदा.”

“तू मना शिकवणार? तुज्या बापानं बघितलीय रिंग? चल, उचल ती कळशी. आजपासून तू पाणी वाटायचा.”

बाबल्याने सदूकडे बघितलं. सदू खाली कातळाकडे बघत राहिला. कायम व्हायचं होतं त्याला. तात्याच्या तोंडी कोण लागणार? बाबल्या कळशी उचलून म्हणाला, “खडूस मरंल एक दिवस, आणि खांद्याला चौघे मिळायचे नायत.” मग साहेबांनी दहावा गडी हवाच म्हणून त्याचं नाव यादीत ठेवलं, तेवढंच.

फेब्रुवारीत कंपनीच्या बसने कोल्हापूरला निघाले. पालीला चहाला बस थांबली. सगळे एका बाकावर, रघूतात्या एकटा बसच्या पायरीवर, आणि बाबल्या कळशी घेऊन उभा.

“काय रे पाणक्या,” रामाने डिवचलं, “कोल्हापूरला पाणी मिळतो म्हणतात.”

“मिळेल,” बाबल्या म्हणाला. “तुमच्या तोंडचा पळाला की पाजीन.”

मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मैदान एका जुन्या इमारतीच्या चौकात. चारी बाजूंना दोन मजली भिंती, वर गॅलऱ्या, गॅलऱ्यांत माणसं. खाली गुळगुळीत सिमेंट. समोरचा संघ एका साखर कारखान्याचा. एकेकाची मान रामाच्या मांडीएवढी. सदूने बोर्डाकडे बघितलं. पांढराशुभ्र, टिळा नसलेला.

“मनातला टिळा बघा,” रघूतात्या म्हणाला. “तुमच्या हातात बसलाय तो.”

खरंच बसला होता. सदूने पहिला चेंडू टाकला. हातातून सुटला तो अगदी सुरेख, आणि रिंगच्या डावीकडे बोर्डावर आपटून परत आला. दुसरा तसाच. रामाचे तीन तसेच. प्रत्येक चेंडू मनातल्या टिळ्याला नेमका लागत होता आणि रिंग कोरडी राहत होती. गॅलरीतून कुणी ओरडलं, “अहो कोकणवाले, जाळी मधी हाय!” सगळा चौक हसला. एकाने आरोळी दिली, “आंबं पाडाय आल्यात व्हय?” समोरचे धिप्पाड गडी रिंगखाली उभे राहून अलगद चेंडू वेचत होते आणि पलीकडे जाऊन गुण करत होते.

मध्यंतराला बरेच मागे होते. रघूतात्या पोरांच्या तोंडासमोर उभा राहून शिव्या घालत होता. पाच महिन्यांचा घाम मातीत घातलात, हात नव्हे फावडी तुमची, असं काहीबाही. सदूचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. दातीर साहेब खांबाशी सिगारेट ओढत उभे होते, आणि सिगारेटचा धूर टांगलेल्या दोरीसारखा सरळ वर चालला होता. हलत नव्हता, कलत नव्हता.

सदूला बाप आठवला. बंदरात शिरताना बाप होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बंदराच्या तोंडावर कधी धरायचा नाही. वाऱ्याच्या अंगाला थोडी चढवून धरायचा. वारा मग होडीला आपसूक तोंडाशी आणून सोडायचा. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. पण डोळ्यांसमोर कुणी ठिपका लावून ठेवला की माणूस वारा विसरतो, खाडीवरचा असला तरी विसरतो. उताणं झोपल्यावर कानाशी पडणारा चेंडू आठवला. सकाळचा बाबल्या आठवला.

“तात्या,” तो म्हणाला, “हितं वारा नाय.”

“मग? पंखा लावू?”

“टिळा वाऱ्याचा होता, तात्या. दुपारच्या. हात वाकडे नव्हते आमचे. वारा चेंडू उजवीकडे न्यायचा, म्हणून डावीकडे मारलेला पडायचा. हितं रिंगवरच मारायला पायजे. बाबल्या सांगत होता ता खरा होता.”

रघूतात्याचे डोळे धुराकडे गेले, हे सदूने बघितलं. त्याला समजलं होतं. आणि समजलं म्हणूनच त्याचा हात उठला. गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी थोबाडीत बसली.

“खलाशाच्या पोरा! मी वीस वर्षां हा खेळ बघितला, आणि तू मना वारा शिकवतस?”

दातीर साहेब सिगारेट टाकून धावत आले. “शिगवण! हात कुणावर टाकता? बाबल्या, कळशी ठेव. उतर मैदानात.”

“तो उतरला तर मी हितं उभा ऱ्हाणार नाय.”

“नका राहू.”

रघूतात्या वळला आणि भिंतीकडे तोंड करून बाकावर बसला. संघाकडे पाठ. त्या सात वैऱ्यांपैकी एक जण हसला, मोठ्याने.

बाबल्या उतरला. पायात कंपनीचे बूट, अंगात रामाचा जादा बनियन. त्याने कमानीबाहेरून पहिला चेंडू सरळ रिंगवर मारला. जाळी हलली. मग दुसरा. समोरचे गडी बावरून पुढे धावून आले, तेव्हा रिंगखालची जागा मोकळी झाली आणि धोंडू, तो हमाल म्हणून हिणवलेला धोंडू, दोनदा तिथे घुसून गुण करून आला. एकदा कोपर खाल्लं, ओठ फुटला, रक्त थुंकून पुन्हा घुसला. सदूनेही मारून पाहिलं. मनाला सांगत होता रिंग, रिंग. हात जात होता डावीकडे. एक पडला, चार गेले. पाच महिन्यांचं वळण एका सकाळीत सरळ होत नाही.

शेवटाला दोन गुणांनी मागे होते आणि चेंडू सदूच्या हातात आला. कमानीच्या बाहेर, बरोबर समोर, अंगावर कुणी नाही. हीच ती जागा, हाच तो चेंडू. मागून आवाज आला. रघूतात्या बाकावर उभा राहिला होता. न राहवून वळला होता.

“मार सदू! टिळ्यावर मार!”

सदूचा हात उठला. त्याला मार्च दिसला, होडी दिसली, भावाचे ओले पाय दिसले. आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की हा हात आता त्याचा नाही, तात्याचा आहे. त्याने चेंडू मारला नाही. बाजूला उभ्या बाबल्याकडे दिला.

बाबल्याने मारला. सरळ.

जिंकले एका गुणाने. साहेबांनी तिघांना मिठी मारली. रामा रडला. पाणी वाटायला कुणी नव्हतं म्हणून साहेबांनीच कळशी उचलली. बाकाकडे सदूने बघितलं तेव्हा बाक रिकामा होता. परतीच्या बसमध्ये पायरीवरची जागाही रिकामीच राहिली. पुढच्या फेरीत संघ आपटला होता, पण त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. कायम झाल्याचं मोठ्या साहेबांनी स्वतः सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी तीनला पाळी सुटल्यावर सदू आणि आता पहिल्या पाळीला आलेला बाबल्या सडा चढून गेले. वारा उठलेला होता. शिडी खांबाला लावलेली, आणि वर रघूतात्या, हातात पाना. रिंगचे बोल्ट काढत होता. त्याचा सदरा वाऱ्याने भरून शिडासारखा उजवीकडे फुगला होता. मधेच तो थांबला, त्या फुगलेल्या सदऱ्याकडे बघितलं, मग टिळ्याकडे बघितलं. अंगठा टिळ्यापर्यंत नेला. पुसला नाही. पुन्हा पाना फिरवायला लागला.

“तात्या,” बाबल्या खालून म्हणाला, “कंपनीची रिंग चोरतास काय?”

“तुज्या कंपनीनं माज्यासारखी एसटीच्या टपावर घालून आणली होती काय?” शेवटचा बोल्ट खळकन कातळावर पडला. “हिच्याखाली नाक मोडलाय मी. माजी हाय.”

तो उतरला. रिंग खांद्यात अडकवली, बैलाच्या जोखडासारखी. सदू पुढे झाला.

“तात्या, मी काय म्हणतो... सकाळी येऊ आपण. बिनवाऱ्याचे. तुमी शिकवलात म्हणून तर हात...”

“हातातला चेंडू बाबल्याकडे दिलास ना? मग तोंड कशाला माज्याकडे आणलास?”

“कायम व्हायचा होता, तात्या. भाऊ...”

“झालास ना? आता खा.” रघूतात्याने सदूच्या गालाकडे बघितलं, जिथे त्याची बोटं उमटली होती तिथे. आवाज जरा खाली आला, पण मऊ नाही झाला. “सगळ्यांना लांब ठेवला मी. बायकोला ठेवला. तुला तेवढा जवळ येऊ दिला. चूक माजी. सांगत होतो ना सगळ्यांना, जवळ जाईल तो कोपर खाईल?”

बाबल्या काही बोलणार होता. सदूने त्याचा दंड धरला.

रघूतात्या खांबाला वळसा घालून बोर्डाच्या मागच्या दिशेला निघाला. वारा त्याला उजवीकडे ढकलत होता, आणि तो प्रत्येक पावलाला थोडा डावीकडे कलून चालत होता, नकळत, सड्यावरची सगळी माणसं चालतात तसा. रिंगचं लोखंड उन्हात एकदा चमकलं, पुन्हा एकदा चमकलं. सड्याच्या कडेला, जिथून पायवाट वाडीकडे उतरते, तिथे आधी पाय गेले, मग पाठ, मग रिंग. त्याने मागे बघितलं नाही. बाबल्या केव्हाच शिडी उचलायला वळला होता. उघड्या बोर्डाखाली सदू एकटाच बघत राहिला, गालावर हात ठेवून.